एकच वाट असलेला जिल्हा

अतिवृष्टीची बातमी आपल्याकडे ठरलेल्या क्रमाने येते. पाऊस किती मिलिमीटर झाला, घरे किती पडली, जनावरे किती वाहून गेली, पंचनाम्याचे आदेश कोणी दिले, आणि जागा उरलीच तर शेवटी एक वाक्य: बांधकाम विभागाने जेसीबी लावून मार्ग मोकळा केला. सार्वजनिक बांधकाम खात्याचा आपत्तीशी असलेला संबंध बहुतेकांच्या मनात या शेवटच्या वाक्याएवढाच असतो. दरड पडली की खाते येते, माती उचलते, जाते. पुढील पानांत या खात्याचे आपत्तीपूर्वीचे आणि आपत्तीनंतरचे काम नंदुरबार जिल्ह्याच्या निमित्ताने मांडले आहे. वाचकाने त्यात शिरण्यापूर्वी माझे म्हणणे सांगून टाकतो. जेसीबी किती तासांत पोचला यावरून खात्याची परीक्षा करण्यात फारसा अर्थ नाही, कारण निकाल बहुधा मे महिन्यातच लागलेला असतो. कोणती मोरी साफ झाली, कोणत्या पुलाखालची माती कोणी वाकून पाहिली, घाटातल्या कोणत्या वळणावरचे गटार मोकळे केले, यावर तो लागतो. मेमध्ये आधी कोणत्या मोरीकडे जायचे हे ठरवण्याचे आपले मापही चुकलेले आहे. रस्त्यावरून वाहने किती जातात हे आपण मोजतो. तो रस्ता बंद पडला तर कोणाचे काय अडेल, हे कोणीच मोजत नाही.

या चुकीची किंमत नंदुरबारइतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आतबाहेर, आणि त्यातले सुमारे सत्तर टक्के लोक आदिवासी. दक्षिणेकडे नंदुरबार आणि नवापूर, मधून तापी, तापीच्या उत्तरेला शहादा-तळोद्याचा सपाट काळ्या मातीचा पट्टा, त्याच्या डोक्यावर सातपुडा, आणि सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा. अक्राणी तालुका जवळजवळ पूर्ण आणि अक्कलकुव्याचा मोठा भाग डोंगरात आहे. इथे गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. एका महसुली गावाचे पाच-दहा पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले असतात आणि डांबरी रस्ता त्यातल्या एखाद्या पाड्यापर्यंत पोचून थांबतो. अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या धडगावला जायला तळोद्याकडून चांदशैलीचा घाट आहे, अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीमार्गे जाता येते, शहाद्याकडूनही वाट आहे. नकाशावर तीन रेघा दिसतात आणि नकाशा पाहणारा निर्धास्त होतो. पण घाटात राहणाऱ्या माणसाला या तीन रेघांपैकी एकच लागू असते. वरची दरड आणि खालचा नाला यांच्या मध्ये तो अडकला की उरलेल्या दोन रेघा त्याच्या दृष्टीने दुसऱ्या देशातल्या.

सप्टेंबर २०२१ मध्ये हेच घडले. मुसळधार पावसाने चांदशैली घाटात दरड कोसळली आणि तळोद्याकडे जाणारा रस्ता बंद झाला. आजारी पत्नीला दवाखान्यात नेण्यासाठी निघालेल्या एका माणसाने तिला खांद्यावर घेतले आणि तो चालू लागला. ती वाटेतच गेली. बातमी राज्यभर गाजली, दोन दिवस हळहळ झाली, आणि चर्चा आरोग्यसेवेकडे वळली: रुग्णवाहिका का नव्हती, डॉक्टर का नव्हते. हे प्रश्न रास्तच होते. पण त्या दिवशी दारात रुग्णवाहिका उभी असती तरी ती दरडीच्या अलीकडेच थांबली असती. सातपुड्यात रुग्णाला बांबूच्या झोळीतून नेतात याची छायाचित्रे दर पावसाळ्यात छापून येतात. लोकांनी त्याला ‘बांबूलन्स’ असे नावही देऊन टाकले आहे. नर्मदेकाठी अवस्था आणखी वेगळी. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे गेली, आणि काठावर उरलेल्या वस्त्यांना बोट हाच रस्ता झाला. आरोग्य खात्याला तिथे तरंगता दवाखाना चालवावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या सणाला याच पाण्यात बोट उलटून माणसे बुडाली. बोटीवर माणसे किती बसावीत हा प्रश्न बांधकाम खात्याच्या कक्षेत येत नाही असे म्हणता येईल. पण तिथे बोटीने का जावे लागते, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतोच.

आता वाहने मोजण्याबद्दल. रस्त्याचे रुंदीकरण करायचे, डांबराचा थर किती जाड द्यायचा, हे ठरवण्यासाठी खाते सात दिवसांची वाहतूक गणना करते. नाक्यावर माणसे बसतात. ट्रक, बस, ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलगाडी अशा रकान्यांत खुणा करतात. थराच्या जाडीसाठी ही पद्धत बरोबर आहे, कारण थर झिजतो तो चाकांनी. पण मोरी चाकांनी वाहून जात नाही, पाण्याने जाते. रस्त्यावरून दिवसाला चार जीप जातात की चारशे, हे त्या नाल्याला ठाऊक नसते. तरीही मोरीच्या दुरुस्तीचा पैसा रस्त्याच्या दर्जामागे जातो. राज्यमार्गाला आधी, मग प्रमुख जिल्हा मार्गाला, मग इतर जिल्हा मार्गाला, आणि ग्रामीण मार्गाला उरलेसुरले. दर्जा ठरतो वर्दळीवर आणि रस्ता कोणती गावे जोडतो यावर. त्यामुळे ज्या रस्त्याला पर्याय आहे त्याची मोरी सुधारते आणि ज्याला पर्याय नाही त्याची तशीच राहते. यात कोणाची लबाडी नाही. नियम पाळूनच हे घडते, आणि म्हणूनच ते सुधारणे अवघड.

ही मोरी बिघडते कशी, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सातपुड्यातल्या ओढ्यावर साधारणपणे सिमेंटचे नळ टाकून, दोन्ही बाजूंना दगडी भिंत घेऊन, वर मुरमाचा भराव करून रस्ता नेलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात ओढा नुसते पाणी आणत नाही. डोंगरउतारावरची सुटी झालेली माती, फुटबॉलएवढे धोंडे, वाळलेली लाकडे, बुंध्यासकट उपटलेली झुडपे असे सारे घेऊन तो येतो. एक लाकूड नळाच्या तोंडाशी आडवे बसते, त्यामागे पालापाचोळा साठतो, त्यामागे गाळ. अर्ध्या तासात नळ बुजतो. मग पाणी रस्त्यावर चढते आणि पलीकडच्या बाजूने उतरताना भरावाचा पायथा खणू लागते. नळ जागच्या जागी, भिंतही उभी, आणि त्यांच्या शेजारचा भराव मात्र गेलेला, असे दृश्य पावसाळ्यानंतर हमखास दिसते. मोठ्या पुलांचेही वेगळे नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये तापीला पूर आला तेव्हा सारंगखेड्याला पुलालगतचा भराव खचला आणि वाहतूक थांबवावी लागली. पूल उभा राहिला तरी त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता जातो, ही बांधकाम खात्यात मुरलेल्या कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट. तरी पाहणीच्या तक्त्यात पूल ठळक असतो आणि भराव शेराच्या रकान्यात.

नळाचा व्यास किती असावा, हेही जुन्या हिशेबावर ठरते. पाणलोट क्षेत्र किती चौरस किलोमीटर, त्यावरून पूर किती, हे काढायला मुंबई इलाख्यात सर क्लॉड इंग्लिस यांचे सूत्र रूढ झाले आणि आजही लहान पुलांच्या अंदाजपत्रकांत ते भेटते. सूत्र सोपे आहे आणि त्या काळासाठी फार उपयोगी होते. पण त्यात आकडा भरायचा तो फक्त क्षेत्राचा. डोंगरावर झाडी आहे की उघडा कातळ, हे विचारण्याची सोयच त्यात नाही. सातपुड्याच्या उतारांवरचे रान गेल्या शंभर वर्षांत किती विरळ झाले हे डोळ्यांना दिसते. तेच क्षेत्र आज जास्त पाणी, जास्त वेगाने आणि भरपूर गाळासह खाली सोडते. कागदावरचा पूर मात्र आहे तेवढाच.

इथे पहिला आक्षेप येतो. पाऊसच आता असा पडतो की कोणत्याही तयारीला दाद देणार नाही, असे अधिकारी म्हणतात आणि आता लोकही म्हणू लागले आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात रंगावली आणि सरपणी नद्यांना जो पूर आला, त्याने माणसांचे बळी घेतले, घरे नेली, गावे तोडली. असा पाऊस पूल आणि मोऱ्या ओलांडणारच, हे मान्य. पण पूल वाचवणे आणि पुलावरचा माणूस वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फार स्वस्त आहे. याच नवापुरातून ताप्ती व्हॅलीचा जुना लोहमार्ग जातो. (नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असल्याचे कौतुक सगळ्यांना असते. त्याच्या रुळांची देखभाल कशी होते, याचे मात्र कोणाला नाही.) रेल्वेचा कीमन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी चालून तपासतो. पावसाळ्यात गस्तीचे वेळापत्रक वेगळे असते. धोक्याच्या जागांची यादी पावसाळ्याआधी तयार होते, त्यातल्या काहींवर चौकीदार बसवले जातात, पुलाच्या खांबांवर धोक्याची पातळी रंगवलेली असते. पाणी त्या रेषेला लागले की गाडी थांबते, आणि ती थांबवायला त्या चौकीदाराला कोणा साहेबाची सही लागत नाही. लोहमार्गाशेजारून जाणाऱ्या रस्त्यावर यातले काहीही नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. एका खात्याने धोका गृहीत धरून माणूस नेमला, दुसऱ्याने ‘फरशीवरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये’ अशी पाटी लावली. ती पाटी मराठीत आहे आणि वाचणाऱ्याची घरची बोली भिलोरी, पावरी किंवा मावची आहे, हे तर कोणाच्या गावीही नाही.

रस्त्यालाही एके काळी असा माणूस होता. मैलकुली त्याचे नाव. मैल-दोन मैलांचा तुकडा त्याच्या हवाली असे. फावडे, घमेले, टिकाव आणि कोयता घेऊन तो साइडपट्टी छाटी, गटार काढी, मोरीच्या तोंडचा कचरा ओढी. त्याच्यावर मुकादम, मुकादमावर मिस्त्री. रोजंदारीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या या माणसांना कालेलकर कराराने कायमपणाचा आधार दिला, आणि पुढे खर्च वाढतो म्हणून त्यांच्या जागा निवृत्तीबरोबर गोठत गेल्या. आता कामे ठेक्याने निघतात. यावर दुसरा आक्षेप असा की एक जेसीबी दिवसात जे काम करतो ते वीस मैलकुली आठवड्यात करणार नाहीत, मग जुन्या काळाचे गोडवे कशाला? गोडवे गायचे नाहीतच. मैलकुलीचे जिणे हलाखीचे होते आणि त्याचा बराच वेळ साहेबांच्या बंगल्यावर जाई, हेही खरे. पण यंत्र माती उपसते, ते बघत नाही. कोणत्या मोरीच्या तोंडाशी झाड कलले आहे, कोणत्या कठड्याला नवी भेग गेली आहे, कोणत्या कड्यातून या वर्षी पहिल्यांदा पाणी पाझरते आहे, हे पाहणारा माणूस ठेक्याच्या कागदात बसत नाही. शिवाय यंत्राला यायला रस्ता लागतो. घाटात दोन ठिकाणी दरड पडली तर तळोद्याहून निघालेला जेसीबी पहिल्या दरडीशी काम करतो आणि मधल्या टप्प्यातली माणसे दोन्ही दरडींच्या मध्ये वाट पाहतात. घाटाच्या पायथ्याशी एक आणि माथ्यावर एक, अशी दोन यंत्रे जूनपासून चालकांसह उभी ठेवणे हा यावरचा साधा उपाय. त्याला अक्कल फार लागत नाही, तरतूद लागते.

पाहणी झाली म्हणजे काम झाले असे नव्हे, हे सांगायला महाडचे उदाहरण पुरेसे आहे, आणि ते नंदुरबारने आपलेच समजावे. सावित्री नदीवरचा १९२८चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला. दोन एसटी बस आणि काही खासगी वाहने नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे नंतर सरकारनेच सांगितले. म्हणजे कागदावर मे महिन्याचे काम पूर्ण होते. पण वरून चालत केलेली पाहणी पाण्याखालच्या पायाबद्दल काही सांगत नाही, आणि पूल पडतो तो बहुधा पायापाशी. पुढे त्याच ठिकाणी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. या वेगाचे फार कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मला मात्र त्यातून दुसरेच काही दिसते. आपल्या अभियंत्यांना काम येते, पैसा मिळतो, मंजुऱ्या हलतात, ठेकेदार रात्रंदिवस राबतात. फक्त त्यासाठी आधी माणसे मरावी लागतात. त्या रात्री पूर पाहून पुलाच्या दोन्ही टोकांना आडवा बांबू टाकण्याचा अधिकार आणि जबाबदारी असलेला एक माणूस तिथे असता, तर पूल गेला असता आणि बातमी पूल गेल्याचीच झाली असती. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण गेले, तिथेही धोक्याची पाटी होती. पाटीच्या शेजारी माणूस नव्हता.

रस्ता बंद कोणी करायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये वाहतूक रोखण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहे. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, लोकप्रतिनिधी सहअध्यक्ष, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य. अभियंत्याचे नाव कायद्यात नाही. राज्य सरकारने नेमायच्या आणखी दोन अधिकाऱ्यांत त्याला घेता येते आणि पुष्कळदा घेतातही, पण ती सोय झाली, हक्क नव्हे. आपत्ती म्हणजे माणसे वाचवणे, शिस्त राखणे आणि उपचार करणे, अशी कल्पना करून हा कायदा लिहिला गेला. रस्ता हा त्या तिन्हींचा पाया असतो हे गृहीत धरले गेले आणि म्हणून लिहायचे राहिले. भरीला रस्त्यांची वाटणी. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि त्याचेही नंदुरबार व शहादा असे दोन विभाग. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ग्रामसडक योजनांचे रस्ते त्यांच्या यंत्रणेकडे. सुरत-धुळे-नागपूर महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. जंगलातल्या काही वाटा वन खात्याच्या. पूर आल्यावर पाड्यावरच्या माणसाने फोन करायचा कोणाला? १ जूनला नियंत्रण कक्ष सुरू होतात, दूरध्वनी क्रमांक छापले जातात. पण वाहून गेलेली मोरी कोणाची हे ठरेपर्यंत पहिला दिवस संपतो. एकच नकाशा, त्यावर प्रत्येक मोरीला क्रमांक, क्रमांकापुढे जबाबदार शाखा अभियंत्याचे पद आणि ती मोरी गेली तर तुटणाऱ्या पाड्यांची नावे, एवढा कागद तयार झाला तरी अर्धा घोळ मिटेल. तुटणाऱ्या पाड्यांचा हा रकाना म्हणजेच मी सुरुवातीला म्हटलेले दुसरे माप. तो भरायला वाहतूक गणनेचा नाका लागत नाही. पोलीस पाटील आणि आशा कार्यकर्ती यांना विचारले की दुपारपर्यंत भरतो.

पैशाचा आक्षेप सर्वांत जुना. जिथून दिवसाला चार जीप जातात तिथे खर्च केला तर शहराजवळचे खड्डे कोण बुजवणार, असे लोकप्रतिनिधी विचारतात, आणि मतांचे गणित पाहता त्यांनी तसे विचारणे समजण्यासारखे आहे. पण इथे मागणी नव्या रस्त्याची नाही. असलेल्या रस्त्याची मोरी वाहती ठेवण्याची आहे. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीसाठीच्या निधीची वाटणीच बदलली: प्रतिसादाला ८० टक्के आणि सौम्यीकरणाला, म्हणजे आधीच धोका कमी करण्याला, २० टक्के. प्रतिसादाच्या ८० टक्क्यांतही पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी १० टक्के वेगळे काढले. म्हणजे आपत्तीपूर्वी खर्च करायला कायदेशीर कप्पा आहे. अडचण आहे ती वर्षाच्या आखणीची. ३१ मार्चला खाती पैसा संपवण्याच्या घाईत, एप्रिलमध्ये नव्या तरतुदीची वाट पाहण्यात, मेमध्ये बैठकांत. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस. ज्या दहा आठवड्यांत हातात काम हवे, त्याच दहा आठवड्यांत हातात पैसा नसतो.

हे टाळता येते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. गंमत अशी की तो पुराचा नाही, दुष्काळाचा आहे. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर झालेल्या दुष्काळ संहितांनी अधिकाऱ्यांवर बंधन घातले, की दुष्काळ पडण्याआधीच मदतकामांच्या याद्या आणि आराखडे तयार असले पाहिजेत. १८९९-१९००च्या दुष्काळात खानदेशात माणसे भयंकर हाल भोगून मेली, त्यामुळे त्या संहितांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण काम आधी आखून ठेवण्याचे तत्त्व टिकले. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लोकांनी खडी फोडली, आणि त्यातून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७मध्ये कायद्याचे रूप मिळाले, तेव्हाही मंजूर कामांची शेल्फ तयार ठेवण्याची पद्धत कायम राहिली. मागणी आली की काम हातात, अंदाजपत्रक नव्याने करायचे नाही. दुष्काळासाठी आपण शंभर वर्षांपूर्वी जे शिकलो ते पुरासाठी का वापरत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. कोणती मोरी गेली तर कोणता नळ, कुठल्या ठेकेदाराकडून, कोणत्या दराने, हे एप्रिलमध्ये उघड निविदेने ठरवून ठेवता येते. जपानमध्ये स्थानिक कंत्राटदारांशी असे करार आधीच झालेले असतात. ११ मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर तोहोकू भागात आतल्या मुख्य महामार्गापासून किनाऱ्याकडे जाणारे रस्ते कंगव्याच्या दातांसारखे एकेक मोकळे करण्याची मोहीम निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी ११ मार्ग खुले झाले. सरकारी अभियंत्यांनी क्रम ठरवला, यंत्रे जवळच्या कंत्राटदारांची होती.

तातडीच्या कामांत पैसा खाल्ला जातो, हा आक्षेप लोकांच्या बाजूचा आहे आणि त्याला हसून चालणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ५०वे कलम आणीबाणीत निविदेशिवाय खरेदीची मुभा देते, आणि अशा मुभेतून कागदावरचे भराव आणि कागदावरचे ट्रक निघतात हे महाराष्ट्राला नवे नाही. पण हा आक्षेप पूर्वतयारीच्या विरोधात जात नाही, उलट तिच्या बाजूने येतो. दर आधी उघडपणे ठरले असतील, मोरीला क्रमांक असेल, मे महिन्यातले तिचे छायाचित्र नोंदवहीत असेल, तर जुलैमध्ये खोटे बिल काढणे कठीण जाते. चोरीला सर्वांत मानवतो तो गोंधळ. जंगलाच्या परवानगीचा मुद्दाही असाच पुढे केला जातो. वन संवर्धन कायद्याने काम अडते हे काही ठिकाणी खरे असेल. पण २००६च्या वनहक्क कायद्यातल्या कलम ३(२) नुसार रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडे तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. परवानगी मागितलीच नाही आणि ‘वन खाते देत नाही’ असे सांगितले, असेही होते.

राहिला शेवटचा आणि मला सर्वांत न पटणारा युक्तिवाद: एवढ्या मागास जिल्ह्याकडून एवढ्या नियोजनाची अपेक्षा कशी करायची? याच जिल्ह्याने त्याला उत्तर दिले आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, सप्टेंबर २०२०मध्ये, तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात नंदुरबारला हवेतून प्राणवायू तयार करणारा पहिला प्रकल्प बसला आणि दुसऱ्या लाटेआधी त्यात भर पडली. एप्रिल २०२१मध्ये मोठी शहरे टँकरची वाट पाहत होती तेव्हा हा जिल्हा आपल्या प्राणवायूवर उभा होता. तिथे कोणते नवे शास्त्र लागले नाही. पुढे काय अडेल याचा विचार आधी झाला आणि पैसा त्याप्रमाणे वळवला गेला. काम डोळ्यांत भरणारे होते, उद्घाटन करता येण्यासारखे होते, हेही कारण असेल. साफ केलेल्या मोरीची फीत कोणी कापत नाही. पण क्षमता नाही असे आता या जिल्ह्याबद्दल म्हणता येणार नाही.

पुढील प्रकरणांत रस्त्यांचे वर्गीकरण, पुलांची पाहणी, घाटातल्या कड्यांची बांधणी, निधीचे नियम आणि पूर ओसरल्यानंतरची कामे यांचा तपशील येईल. काही भाग रुक्ष आहे. तक्ते आणि कलमे टाळता आलेली नाहीत. वाचकाला विनंती एवढीच, की ते वाचताना आपल्या गावाचा रस्ता समोर ठेवावा. अक्राणी असो की नवापूर, हा अनुसूचित क्षेत्रातला मुलूख आहे आणि १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला इथे वजन आहे. एप्रिलच्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आपल्या रस्त्यावरच्या मोऱ्यांची यादी, प्रत्येकीची शेवटची सफाई कधी झाली याची तारीख, आणि पाणी चढल्यावर रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणाला दिला आहे त्याचे नाव. उत्तर आले नाही तर मे महिन्यात पुन्हा मागावे. जूनमध्ये मागून उपयोग नाही.